सात घरं

मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवतं, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हणतात. म्हणणाऱ्याच्या आवाजात बहुधा कौतुक असतं. पण मानगुटीला धरलेलं, पाय पोटाशी आवळलेलं, निमूट लोंबणारं पिल्लू घेऊन एखादी मांजरी भरदुपारी जिन्याच्या कडेकडेनं जाताना नीट पाहिली, तर तिच्या डोळ्यांत फक्त घाई दिसते. आधीच्या ठिकाणी कुणीतरी खराटा आपटलेला असतो. किंवा परका बोका येऊन वास घेऊन गेलेला असतो. किंवा पहिल्या पावसाचं पाणी पत्र्याखालून आत शिरलेलं असतं. एक पिल्लू खाली ठेवायचं, मागे वळायचं, दुसरं आणायचं, पुन्हा वळायचं. चार पिल्लं असतील तर चार खेपा, आणि प्रत्येक खेपेला मागे राहिलेली नि पुढे नेलेली, दोन्हीकडची उघड्यावर. शेवटचं पिल्लू नेल्यावरही ती एकदा त्या रिकाम्या जागी परत येते, कोपरान्‌कोपरा हुंगते आणि मगच जाते.

त्या वाटेवर जी राहिली, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. दुसऱ्या घरापर्यंत आली आणि तिसऱ्यापर्यंत पोचली नाहीत, त्यांच्यासाठी. त्यांना नावं नव्हती. मनी, चिंगी, सोन्या, काळू ही नावं मिळायला दोन-तीन महिने जगावं लागतं, कुणाच्या तरी उंबऱ्यावर रोज ठरल्या वेळी यावं लागतं. तेवढी सवड त्यांना मिळाली नाही. त्यांच्या डोळ्यांचा रंगसुद्धा ठरायचा होता. मांजराच्या पिल्लाचे डोळे उघडतात तेव्हा निळे असतात, खरा रंग उतरायला सहा-सात आठवडे जातात. ही सगळी निळ्या डोळ्यांनीच गेली.

जन्मतः पिल्लाचं वजन शंभर ग्रॅमच्या आसपास असतं. दिसत नाही, ऐकू येत नाही. ऊब कुठे आहे ते ओळखायचं आणि तिकडे सरपटत जायचं, एवढं एकच त्याला येतं, कारण स्वतःच्या अंगातली ऊब त्याला पहिले काही आठवडे नीट धरून ठेवता येत नाही. आईनं जिभेनं चाटल्याशिवाय त्याला लघवीही होत नाही. पण पहिल्या दोन-चार दिवसांतच प्रत्येक पिल्लू आपापला स्तन ठरवतं, आणि डोळे मिटलेले असताना, भावंडांच्या गर्दीतून, वासावरून तोच शोधून काढतं. या जगात येऊन त्यानं स्वतःची म्हणून मिळवलेली ती पहिली जागा. बुटांच्या खोक्यात घालून देवळाच्या पायरीवर ठेवलेल्या पिल्लाची ती जागा गेलेली असते. मग येणारे-जाणारे कळवळतात. कुणी बाटलीच्या झाकणातून गाईचं दूध पाजतं. ते दूध त्याला सोसत नाही, जुलाब होतात, आणि इवल्याशा देहातलं पाणी एका रात्रीत आटतं. कुणी त्याला बाळासारखं उताणं धरून पाजतं. मग दूध फुप्फुसात उतरतं. या मरणांमध्ये दुष्टपणा शोधायला गेलं तर कुठेच सापडत नाही. खोकं ठेवणाऱ्याच्या मनात होतं की इथे कुणीतरी उचलून नेईल. पाजणाऱ्याच्या मनात तर मायाच होती.

हेच मला सांगायचं आहे, आणि ते सांगताना जड जातं. आपल्याकडची बहुतेक पिल्लं क्रूरपणानं मरत नाहीत. ती आपल्या अर्ध्या मायेनं मरतात. वाटीत दूध ओतण्यापर्यंत येते आणि दवाखान्याच्या दारापर्यंत जात नाही, त्या मायेनं.

आमच्या इमारतीत एक तिरंगी मांजरी होती. पांढऱ्या अंगावर काळे आणि तांबूस डाग. असे तीन रंग असलेलं मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं, कारण काळा आणि तांबूस हे रंग एक्स गुणसूत्रावरून येतात आणि दोन्ही मिळायचे तर दोन एक्स हवेत. म्हणजे तिच्या अंगावरच लिहिलेलं होतं की ही भाटी आहे, हिला वेतं होणार. सगळे तिला मनी म्हणत. तळमजल्यावरच्या आजी तिला सकाळी दूधभाकरी कुस्करून देत. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी बोंबील साफ केले की डोकी तिच्यासाठी बाजूला काढत. पोरं शाळेतून आली की बिस्किटाचा तुकडा टाकत. ती सगळ्यांची होती, त्यामुळे एका घराची अशी झालीच नाही. तिच्या आजारपणाचा खर्च कुणाच्या हिशेबात नव्हता.

मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली, कधी चार महिन्यांचीच, की माजावर येते. स्वतःच अजून पिल्लू असते, दोरीच्या टोकाशी खेळत असते, आणि एका रात्री तिच्या गळ्यातून तो लांबलचक आवाज निघतो. माणसं खिडक्या लावून घेतात. तिच्या देहाची रचना अशी की अंडं समागमानंतर सुटतं, त्यामुळे बोका भेटला की गर्भ बहुधा राहतोच. एकाच वेतातल्या पिल्लांचे बापही निरनिराळे असू शकतात. नऊ आठवड्यांत ती विते. पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. थंड मुलुखात दिवस लहान झाले की मांजरींच्या देहाला हिवाळाभर विसावा मिळतो. आपल्याकडे दिवस-रात्रीत तेवढं अंतर पडत नाही, आणि शहरात जिन्यातला दिवा रात्रभर जळत असतो. आपल्या मांजरींना विसाव्याचा ऋतू जवळजवळ नसतोच.

मनीलाही तो नव्हता. तिचं पहिलं वेत मीटरच्या खोलीत झालं, पुढचं गच्चीवरच्या टाकीखाली, एक कुणाच्या तरी बंद फ्लॅटच्या बाल्कनीत, जुन्या गादीवर. किती वेतं झाली ते कुणी मोजलं नाही. पिल्लं दिसायला लागली की इमारत आनंदायची. फोटो निघायचे. मुली गुडघ्यांवर बसून त्यांना बोलवायच्या. महिन्या-दीड महिन्यानं पिल्लं कमी झालेली असायची. कुठे गेली, हे कुणी फारसं विचारायचं नाही. कुणीतरी नेली असतील, असं बोलायची एक रीत पडून गेली होती.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात संशोधकांनी मोकाट मांजरींच्या १६९ पिल्लांवर लक्ष ठेवलं होतं. २००४ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या १६९ पैकी १२७ पिल्लं सहा महिन्यांची होण्याआधी मेली किंवा दिसेनाशी झाली. शंभरातली पंचाहत्तर. मरणाचं कारण जिथे कळलं तिथे सर्वांत जास्त वेळा ते आघाताचं होतं, म्हणजे कुत्रा किंवा गाडी. 'दिसेनाशी' हा त्यातला शब्द मला सोडत नाही. शास्त्राच्या निबंधालाही त्यांच्याबद्दल याहून अधिक काही म्हणता आलं नाही.

आमच्याकडे कशी गेली, ते ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे. पावसाळ्यात गारठलेलं पिल्लू ऊब शोधत गाडीच्या बॉनेटमध्ये शिरतं. सकाळी गाडी सुरू होते. बॉनेटवर एक थाप मारली असती तर ते बाहेर पळालं असतं, एवढंच त्या जगण्या-मरण्यातलं अंतर. काहींना बोक्यानं मारलं. परक्या बोक्याला पिल्लं मारलेली मांजरी लवकर पुन्हा माजावर मिळते, हे निसर्गाचं गणित आहे आणि ते ऐकून कुणाचं समाधान होत नाही. काही उंचावरून पडली. पण सगळ्यांत जास्त मला आठवतात ती पाण्याच्या भांड्याशी बसलेली. पॅनल्यूकोपेनिया नावाचा विषाणूजन्य आजार आहे, कुत्र्यांच्या पार्व्होच्या नात्यातला. पिल्लाला उलट्या होतात, ताप चढतो, आणि ते पाण्याच्या भांड्यापाशी जाऊन मान खाली घालून बसतं. तहान लागलेली असते, पिता मात्र येत नाही. ज्यांनी मांजरं सांभाळली आहेत ते हे बसणं लांबून ओळखतात. हा विषाणू जमिनीवर, गोणपाटावर, कोनाड्यात वर्षभरसुद्धा तग धरतो. म्हणून त्याच जिन्याखाली झालेलं पुढचं वेत त्याच आजारानं जातं, आणि माणसं म्हणतात, या जागेला काहीतरी आहे, इथे पिल्लं जगत नाहीत. जागेला काही नव्हतं. आठव्या-नवव्या आठवड्यापासून द्यायची एक लस होती. ती या पिल्लांना कुणी दिली नाही, कारण ती कुणाचीच नव्हती.

मग ते पोतं. त्याच्याबद्दल बोलायला हवं.

मांजर मारणं हे आपल्याकडे मोठं पाप. हातून मांजर मेलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे घरोघरी ऐकलेलं आहे. या समजुतीनं कितीतरी मांजरं वाचवली असतील, आणि मी तिला नावं ठेवणार नाही. पण तिच्या पोटातूनच दुसरी एक रीत निघाली. मारायचं नाही, सोडून यायचं. पिल्लं पोत्यात घालायची, तोंड सुतळीनं बांधायचं, सायकलला किंवा स्कूटरला अडकवायचं आणि नदीच्या पलीकडे नेऊन पोतं उघडायचं. मांजर वाट लक्षात ठेवून परत येतं म्हणून पाण्यापलीकडे न्यायचं, वाटेत चार वळणं जास्त घ्यायची. शहरात पोत्याची पिशवी झाली आणि नदीचा मासळी बाजार झाला. तिथे त्यांना खायला मिळेल, असं म्हणताना सोडणाऱ्याचा आवाज खराच हळवा असतो.

मासळी बाजारात काय होतं? तिथली मांजरं त्या जागेची मालक असतात. कुठल्या कोळणीच्या पाटीखाली कुणी बसायचं, हे त्यांच्यात मारामाऱ्या करून ठरलेलं असतं. घरात वाढलेलं मांजर तिथे उतरलं की आधी लपतं. बर्फाच्या पेट्यांमागे, टेम्पोच्या चाकाशी. आवाज, ओली फरशी, माणसांचे पाय. दोन-तीन दिवस ते जागेवरून हलत नाही. त्याला ताटली ओळखीची असते, फेकलेल्या मासळीवर झडप घालणं ओळखीचं नसतं. एखादी कोळीणमावशी दया येऊन तुकडा पुढे टाकते, तो दुसरंच मांजर पळवतं. आणि ते ओरडत राहतं. परक्यांना ते भुकेचं ओरडणं वाटतं. ज्या हातानं त्याला पिशवीत घातलं त्याच हाताची ते वाट पाहत असतं, कारण दुसरा हात त्याच्या माहितीतच नाही.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, कलम ११ मध्ये, हेही लिहिलेलं आहे. भूक-तहानेनं हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. कायदा झाला तेव्हा दहा रुपयांना काही वजन असेल. आज तेवढ्यात मासळी बाजारापर्यंत रिक्षाही जात नाही. मारल्याचं प्रायश्चित्त सोन्याचं मांजर, आणि सोडून आल्याचं दहा रुपये. या दोन किमतींच्या मधल्या खाईत आमची पिल्लं पडली.

सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली आहे. माणसाचा सांगाडा, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर, वेगळ्या लहानशा खड्ड्यात, मांजराचा. दोघं एकाच दिशेला ठेवलेले. त्या बेटावर मांजर मुळात नव्हतं, म्हणजे मांजरांना कुणीतरी होडीतून, समुद्र ओलांडून, बरोबर आणलं होतं. मातीच्या भांड्यांचाही शोध तिथे अजून लागायचा होता, तेव्हाची ही सोबत. कबरीतल्या मांजराचं वय साधारण आठ महिने असावं असं अभ्यासक म्हणतात. आठ महिने. मनी आठ महिन्यांची होती तेव्हा तिचं एक वेत होऊन गेलं होतं आणि त्यातलं एकही पिल्लू उरलं नव्हतं. तिच्या वयाच्या त्या मांजराला कुणीतरी खड्डा खणून नीट निजवलं, आणि इतक्या हजार वर्षांनी आपण मांजर घेऊन पाणी ओलांडतो ते त्याला पलीकडे सोडून यायला.

ऑपरेशनचं नाव काढलं की घरातली वडीलधारी माणसं गप्प होतात. आजी एकदा म्हणाल्या, "तिचं आईपण आपण कोण काढून घेणार, बाई? एकदा तरी विऊ द्यावं." त्यांच्या बोलण्यात अडाणीपणा नव्हता. स्वतः बाळंतपणं सोसलेल्या बाईचा तो दुसऱ्या आईविषयीचा आदर होता, आणि म्हणून त्याला उत्तरही आदरानंच द्यायला हवं. आजी, तिचं आईपण कसं आहे ते तुम्हीच पाहिलं आहे. हाडं वर आलेली, पाठीवरचे केस झडलेले, आणि पोटाखाली लोंबणारी चार तोंडं. स्वतः उपाशी असताना तोंडात धरलेला बोंबील ती न खाता टाकीखाली नेत होती. ती पिल्लं गेल्यावर ती दोन रात्री सगळ्या मजल्यांवर हाका मारत फिरली. तिसऱ्या रात्री बोका आला. तिच्या आईपणाला त्या दोन रात्रींपलीकडे शोक करायलाही मुदत नव्हती. हे तिच्याकडून काढून घेणं म्हणजे काय काढून घेणं?

आणि एकदा विऊ दिल्यानं तिच्या देहाचं काही भलं होतं, असं पशुवैद्यक सांगत नाही. उलट सांगतं. पहिल्या माजाच्या आधी, सहा महिन्यांच्या आत गर्भाशय आणि बीजकोश काढले तर स्तनांच्या कर्करोगाची शक्यता फारच खाली येते, आणि मांजरीच्या स्तनातल्या गाठी बहुतांश वेळा कर्करोगाच्याच निघतात. गर्भाशयात पू होण्याचा आजार तर गर्भाशय नसेल तिथे होणारच नाही. काप लहान असतो, कुशीवर किंवा पोटाखाली. भुलीतून उठल्यावर ती थोडी झोकांड्या खाते, दुसऱ्या दिवशी जेवायला मागते. दहा-बारा दिवस टाके चाटू द्यायचे नाहीत. बोक्याचं काम त्याहून सोपं, बहुधा सकाळी नेलेला संध्याकाळी घरी.

बोक्याचा विषय निघाला की मात्र मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. भाटीला निदान दोष तरी देतात, बोक्याच्या मालकाला ऑपरेशनची गरजच वाटत नाही. आपला मर्द गडी, रात्री बाहेर जातो, सकाळी येतो, कधी कान फाटून, कधी गालावर गळू घेऊन. त्याची पिल्लं तीन गल्ल्या पलीकडच्या मीटरच्या खोलीत जन्मतात आणि तिथेच मरतात. मालकाच्या दारात त्यांचं रडणं कधी येत नाही. चावाचावीतून एकमेकांना लागणारा, अंगातली प्रतिकारशक्ती खाणारा विषाणूही असाच फिरतो. खच्ची केलेला बोका घरापाशी राहतो, भांडतो कमी, जगतो जास्त. हे सांगितलं तर माणसं हसून विषय बदलतात.

पर्शियन मांजरांचं दुःख वेगळं आहे, पण मुळाशी तेच. पैसे मोजून आणलेली, लांब केसांची, चपट्या नाकाची. केसांच्या जटा झाल्या, घर बदललं, बाळ झालं, की तीही खाली येतात. रस्त्यावर तग धरणं त्यांना फार कठीण जातं.

मनी गेली ती गेल्या वर्षी, पावसाच्या तोंडावर. तिचं पोट मोठं दिसायला लागलं होतं. सगळी इमारत म्हणाली, पुन्हा दिवस गेले. आजींनी तिच्या दुधात साय घालायला सुरुवात केली. वहिनींनी जिन्याखाली खोकं ठेवलं, त्यात जुनं लुगडं घडी करून घातलं. ती दूध हुंगायची आणि बाजूला व्हायची. पाणी फार प्यायची. खोक्यात जाऊन बसायची खरी, पण विण्याआधी मांजरी जशी पंजांनी अंथरूण सारखं करते तसं काही केलं नाही. कॉलेजात जाणाऱ्या, तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला ते खटकलं आणि तिनं मनीला टोपलीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला, सोनोग्राफी केली. पोटात पिल्लू एकही नव्हतं. गर्भाशय पुवानं भरलेलं होतं. रात्री ऑपरेशनला घेतलं, पण तिच्या मूत्रपिंडांनी आधीच साथ सोडली होती. पहाटे ती गेली. तेच ऑपरेशन चार वर्षांपूर्वी झालं असतं तर ती तासा-दीड तासात टेबलावरून उठली असती.

तिच्यासाठी घातलेलं लुगडं बरेच दिवस त्या खोक्यात तसंच होतं.

तान्ह्या बाळाच्या कपाळी सटवाई लिहिते, ही आपली श्रद्धा. षष्ठीदेवी लेकरांची राखणदार, आणि तिचं वाहन मांजर. पाचवी-सटीला आपण जिची पूजा मांडतो, तिच्या पायाशी बसलेल्या जिवाच्या लेकरांच्या कपाळी कोण लिहीत असेल, हा विचार मनीनंतर मला पुष्कळ दिवस छळत राहिला. शहरातल्या मांजराचं तरी आपणच लिहितो. दूध देतो तेव्हा एक अक्षर लिहितो. टोपली शोधत नाही तेव्हा उरलेलं सगळं लिहितो.

हे अक्षर बदलणारी माणसं आहेत, आणि या शोकात त्यांची आठवण ठेवायला हवी. मुंबईत, पुण्यात, ठाण्यात, रात्री अकरानंतर गल्लीत सापळ्याचा पिंजरा लावून कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पिंजऱ्यात तळलेला बांगडा, वर जुनी चादर, कारण अंधारात मांजर शांत राहतं. दार पडल्याचा आवाज झाला की त्या धावत जाऊन आधी चादर ओढतात. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, भुलीतच एका कानाचं टोक सरळ कापतात, म्हणजे तिला पुन्हा कुणी पकडून टेबलावर निजवू नये. चार-पाच दिवसांनी ज्या गल्लीतून आणली त्याच गल्लीत सोडतात. उचलून दुसरीकडे टाकत नाहीत. कारण जागा रिकामी झाली, पण उकिरडा आणि खरकटं तिथेच राहिलं, तर नवी मांजरं येतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. कान कापलेली भाटी मात्र आपली जागा राखते आणि वेतं वाढवत नाही. परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाला मुंबईकर अजून बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. १८८३ साली, या शहराची ओझी बैल आणि घोडे ओढत होते तेव्हा, त्या मुक्या कष्टकऱ्यांसाठी ते उभं राहिलं. आज तिथल्या बाकांवर मांडीवर टोपली घेऊन बसलेली माणसं दिसतात, आणि टोपलीच्या जाळीतून एखादा पंजा बाहेर आलेला असतो. कुणी वॉचमन, कुणी भाजीवाली, कुणी निवृत्त मास्तर. त्यातली बरीचशी मांजरं रस्त्यावरची असतात. त्या माणसांनी सुट्टी काढलेली असते, रिक्षाचं भाडं भरलेलं असतं, आणि घरी जाऊन दहा दिवस बाथरूममध्ये मांजर ठेवायचं म्हणून घरच्यांची बोलणी खाल्लेली असतात. माझ्या मते मांजर पाळणं इथून सुरू होतं.

मनीच्या शेवटच्या वेतातली एकच पोर वाचली. करड्या पट्ट्यांची, शेपटीचं टोक वाकडं. तिनं लोकांच्या पायांतून पळायचं शिकून घेतलं, बॉनेटखाली शिरली नाही, आणि आजारानंही तिला सोडलं. तिलाही पोर झाली, मग तिसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलीनं तिला टोपलीत घातलं आणि ऑपरेशन करून आणलं. कानाचं टोक गेलेली ती आता गच्चीच्या कठड्यावर बसून कावळ्यांकडे पाहत असते. तिची पोर, पांढरी, पाठीवर एकच काळा ठिपका, आता साडेचार महिन्यांची आहे. तिच्या दोन्ही लशी झाल्या. नाव ठिपकी.

त्या मुलीनं गेले काही दिवस ठिपकीचं जेवण टोपलीतच ठेवायला सुरुवात केली आहे, म्हणजे त्या दिवशी धरपकड करायला नको, आपणहून आत जाऊन बसेल. शुक्रवारी सकाळची वेळ मिळाली आहे. खर्चाचे पैसे प्रत्येक मजल्यावरून थोडेथोडे जमले, वहिनींनी पहिले दिले. परतल्यावर आजींच्या मागच्या बाल्कनीत तिला ठेवायचं ठरलं आहे. जाळी लावून झाली, वाळूचा ट्रे आणला, औषधाची गोळी उकडलेल्या मासळीत कशी दडवायची ते मुलीनं आजींना दोनदा करून दाखवलं. आजी पहिल्यांदा नको म्हणाल्या होत्या. मग लुगड्याची घडी घेऊन स्वतःच बाल्कनीत गेल्या आणि म्हणाल्या, फरशी गार लागेल तिला.

एवढं मात्र लक्षात ठेवा, आजी. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेनंतर तिला काही द्यायचं नाही, भुलीत उलटी झाली तर जिवावर बेततं. पहाटे ती तुमच्या दारापाशी येईल, रोजच्यासारखी पायांत घोटाळेल, ओरडेल. त्या दिवशी दूध संध्याकाळी, ती परत आल्यावर आणि डॉक्टर हो म्हणाल्यावरच.